कोड्यातला दुसरा सूर

१

उत्तर बरोबर होतं, फोड मात्र जमत नव्हती. सुवर्णा फराटे सकाळपासून त्याच एका गोष्टीवर डोकं आपटत होती.

शिरूरच्या बाजारपेठेत कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर साप्ताहिक 'पाणवठा'चं ऑफिस होतं. सुवर्णा कॉलेजात मराठी शिकवायची आणि शुक्रवारी इथं येऊन मुद्रितं तपासायची. बातम्या ती कर्तव्य म्हणून वाचायची. तिचा जीव असायचा तो शेवटच्या पानावरच्या शब्दकोड्यात. ते कोडं सावळाराम हिंगे करत. शाळेत त्यांनीच तिला मराठी शिकवलं होतं, आणि मधल्या सुट्टीत बाजाची पेटीही. अख्खं शिरूर त्यांना आप्पा म्हणायचं.

आप्पांची कोडी सरळ नसत. 'पाणी अडवते' एवढं लिहून ते थांबत नसत. 'सहावा सूर लढाईवर गेला आणि पाणी अडवून बसला' असं लिहीत. सहावा सूर म्हणजे ध, लढाई म्हणजे रण, झालं धरण. कुठं सूर, कुठं कै., ता., मु.पो. असले संक्षेप, कुठं नुसतंच एखादं अक्षर. तुकडे जुळले की शब्द हाती यायचा आणि जुळले नाहीत तर रविवार नासायचा.

या आठवड्याचं आडवं कोडं असं होतं : 'पहिले दोन सूर तालुक्याला चिकटले आणि वाहू लागले.' तीन अक्षरं. वाहते ती सरिता. उभे शब्दही तेच सांगत होते. तालुक्याचा संक्षेप ता., तेही बरोबर. पण पहिले दोन सूर सा आणि रे. म्हणजे 'सारेता'. असला शब्द मराठीत नाही, कुठंच नाही.

तिनं आप्पांना मेसेज टाकला होता, 'आप्पा, सारेता होतंय. दुरुस्त करायचं का?' थोड्या वेळानं उत्तर आलं, 'ठीक आहे. तसंच छापा.'

तिला चूक खटकली होतीच, पण हे उत्तर त्याहून जास्त खटकलं. एका ऱ्हस्व वेलांटीवरून आप्पा एकदा तिच्याशी पंधरवडाभर बोलले नव्हते. ते 'तसंच छापा' म्हणतील? तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"भारत, आप्पा शेवटचे कधी आले होते इथं?"

संपादक भारत जाहिरातीचा मजकूर लावत होता. "दिवाळीच्या आधी असतील. आता व्हॉट्सॲपवर पाठवतात. टाइप केलेलं येतं, उलट सोपं पडतं. आधी त्यांचं अक्षर लावता लावता माझे डोळे जायचे."

"टाइप? आप्पांना मोबाइलवर एका ओळीपुढं लिहिता येत नाही, भारत. आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"मॅडम, कोडं वेळेवर येतंय. लोक 'सरिता' भरतील आणि मोकळे होतील. सूर कोण मोजतंय?"

"का तूच कॉम्प्युटरकडून करून घेतोस?"

भारतनं मोबाइल तिच्यापुढं सरकवला. मेसेज खरंच आप्पांच्या नंबरवरून आले होते. सुवर्णा वरमली, पण तिची चिडचिड काही गेली नाही. तिनं पुन्हा कोड्यावर नजर टाकली. 'मुंबईला निघालेली गाडी मानेवर आदळली, बेअब्रू झाली.' उत्तर अपमान. त्यातली मान दिसत होती. पण गाडीचा 'अप' कुठून आला? शिरूरला रेल्वे नाही. इतक्या वर्षांत आप्पांच्या कोड्यात कधी आगगाडी आली नव्हती.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. हे कोडं आप्पांनी केलेलं नव्हतं.

२

आप्पांना मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यापासून पुतण्या सत्यजीत त्यांच्याजवळ राहायचा. नगर रस्त्याला त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. सुवर्णा गेली तेव्हा तो गिऱ्हाइकाला नळी मोजून देत होता. तिला बघताच त्याचा हात थांबला.

"आप्पा कुठं आहेत, सत्यजीत?"

"पुण्याला गेल्यात. दोस्ताकडं."

"कुठल्या दोस्ताकडं? नंबर दे."

"नंबर न्हाई माझ्याकडं."

"फोन का उचलत नाहीत मग?"

"ऐकू कमी येतंय त्यान्ला आता." तो तिच्याकडं बघत नव्हता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "मॅडम, गिऱ्हाईक खोळंबलंय. येतील तवा येतील."

ती तडक आप्पांच्या घराकडं निघाली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या झुंबरबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. तिनं आप्पांचं नाव काढायचा अवकाश, त्या भरभरून बोलायला लागल्या.

"कुठं गेल्यात काय ठावं, बाई! आन् हा पोरगा काय सांगंना. मागल्या आठवड्यात भरदुपारी टेम्पो आणला आन् आप्पाची पेटी घातली त्यात. म्या म्हणलं, व्हय रं, आप्पा कुठं हायेत? तर म्हणतोय, मावशे, तू तुझं बघ!"

"पेटी नेली? बाजाची?"

"व्हय की. विकली आसंल. दुसरं काय?"

ती पेटी आप्पा कुणाला पुसूही देत नसत. तुळशीला पाणी घालायला म्हणून झुंबरबाईंकडं एक किल्ली असायची. ती घेऊन दोघी आत गेल्या.

खोली जशीच्या तशी होती. कोपऱ्यात पेटीच्या जागी फरशीवर चौकोनी, स्वच्छ डाग. टेबलावर शब्दकोशाचे जाडजूड खंड एकावर एक, वर धुळीचा पातळ थर. शेजारी निळ्या शाईचं पेन, टोपण लावलेलं. सुवर्णा त्या खंडांकडं बघत राहिली. आप्पा आठवडाभरासाठी गावाला गेले तरी एक तरी खंड पिशवीत असायचा. कोडी तर दर आठवड्याला येत होती. मग शब्द इथं ठेवून नुसते सूर कुणी नेले?

"कुणाला इचारून आत आलात?"

दारात सत्यजीत उभा होता.

३

पुढं जे झालं त्याची सुवर्णाला नंतर कितीतरी दिवस लाज वाटली. पण त्या क्षणी तिचा तोल गेला होता.

"तू आप्पांचं काय केलंस?" ती ओरडली. बोळातली दारं उघडली, माणसं बाहेर आली. "पेटी विकलीस ना? त्यांच्या फोनवरून मेसेज तू टाकतोस ना? कोडी कुणाकडून लिहून घेतोस? बोल!"

सत्यजीतचा चेहरा पांढराफटक पडला. तो एवढंच म्हणाला, "मला न्हाई सांगता यायचं. जावा तुम्ही पोलिसात. खुशाल जावा."

ती गेली. तिथल्या जमादारानं सगळं ऐकून घेतलं, मग तिच्यासमोरच आप्पांच्या नंबरवर मेसेज टाकला. 'सगळं ठीक?' लगेच उत्तर आलं, 'ठीक.' जमादारानं मोबाइल तिला दाखवला आणि चहा घेणार का विचारलं. कोड्यात चुकीचा सूर लागला म्हणून माणूस बेपत्ता झाला, हे कुठल्या तोंडानं पटवून द्यायचं? ती चहा न घेताच बाहेर पडली.

शनिवार तिनं स्वतःवर चिडण्यात घालवला. रविवारी दुपारी भारतनं पुढच्या अंकाचं कोडं पाठवलं. त्यातही एक सूर अडला. 'पाचवा सूर, दुसरा सूर आणि पाठोपाठ मास्तर, आजूबाजूला बघा.' उत्तर उघड होतं, परिसर. पाचवा सूर प, मास्तर म्हणजे सर. मधला दुसरा सूर पुन्हा रे. परेसर! तिनं पेन्सिल भिंतीवर भिरकावली. टोक मोडलं.

पेन्सिल उचलायला वाकली तेव्हा मात्र तिच्या मनात आलं, एकदा झाली ती चूक, पण तीच पुन्हा झाली तर? मग ती लिहिणाऱ्याची चूक नाही, लिहिणाऱ्याची सवय. त्याच्या हिशोबी सरिता बरोबर आहे आणि परिसरही. म्हणजे त्याचा दुसरा सूर रे नाहीच. त्याचा दुसरा सूर रि आहे आणि पहिला सा नाही, स आहे. स, रि.

असं कोण म्हणतं? तिनं मोबाइलवर 'सरिग' एवढंच टाइप केलं. पहिलाच व्हिडिओ लागला. परकरपोलक्यातल्या लहान मुली मांडी घालून बसलेल्या, समोर एक बाई मांडीवर ताल धरतेय, आणि मुली एका सुरात म्हणताहेत, "स रि ग म प ध नि..."

दक्षिणेकडचं गाणं. कोडं करणारा लहानपणी ते शिकला होता आणि तरी त्याचं मराठी आप्पांच्या तोडीचं होतं. असा माणूस शिरूरमध्ये? सुवर्णानं ओळखीपाळखीतले सगळे चेहरे डोळ्यांपुढं आणले. एकही बसेना. पुण्यात असे हजार असतील. तिथं कुठं शोधायचं? दार किलकिलं होऊन पुन्हा आपटलं होतं.

४

दार उघडलं सोमवारी, स्टाफरूममध्ये, आणि तेही एका रडगाण्यानं. भूगोलाच्या अनिता मॅडमचं माहेर दौंडचं. त्या फोन ठेवून वैतागानं म्हणाल्या, "आज पुन्हा भावाची अप गाडी चुकली. आता पुण्याला पोचेपर्यंत अर्धा दिवस गेला."

सुवर्णाचा डबा तसाच राहिला. "काय गाडी म्हणालात?"

"अप. मुंबईच्या बाजूला जाते ती अप, उलटी जाते ती डाऊन. आमच्या दौंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्हाला शिरूरवाल्यांना कसं कळणार?"

दौंड. रेल्वेचं जंक्शन, रेल्वेच्या वसाहती आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली तेलुगू, तमिळ कुटुंबं. मुलं मराठी शाळेत शिकलेली, घरी आईकडून 'सरिगम' ऐकलेली. आणि आप्पा दर गुरुवारी दौंडच्या एसटीत बसायचे, हे सगळ्या शिरूरला माहीत होतं. 'एक गाणारा दोस्त आहे' एवढंच ते सांगत. सुवर्णाला स्वतःचाच राग आला. इतकं समोर होतं आणि ती भलत्याच माणसाच्या अंगावर ओरडून आली होती.

दुपारचे तास दुसऱ्याच्या गळ्यात मारून ती एसटीत बसली. न्हावरा गेलं, इनामगाव गेलं. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती आणि सुवर्णा खिडकीच्या गजावर बोटं आपटत होती. आप्पा तिथं असतील तर कुठल्या अवस्थेत? आणि नसतील तर?

दौंडात स्टेशनजवळ देवळाबाहेर एक फुलवाली गजरे करत होती. सुवर्णानं विचारलं, "इथं दक्षिणेकडचं गाणं म्हणणारं कुणी आहे का? मराठीही चांगलं येणारं?"

"सिस्टर का? पद्मावती सिस्टर. रेल्वेच्या दवाखान्यात व्हत्या, आता रिटायर झाल्यात. रोज गजरा नेतात माझ्याकडनं." तिनं सुईनंच दिशा दाखवली. "मागच्या गल्लीत जावा. पेटी ऐकू येईल. हल्ली सारखी वाजती."

गल्लीच्या तोंडाशीच सुवर्णा थबकली. पेटी वाजत होती. गाणं नव्हतं, चाल नव्हती. दोनच सूर, थांबून थांबून, पुन्हा तेच दोन. पेटीच्या एका पट्टीतून हवा जरा जास्त जायची. तो घोगरा सूर ती झोपेतही ओळखली असती.

तिनं दार वाजवलं. पेटी थांबली. दार उघडलं ते सत्यजीतनं, आणि त्याच्या हातात औषधांची पिशवी होती.

५

आतून एक उंच, पिकल्या केसांची बाई आली आणि म्हणाली, "सुवर्णा मॅडम ना? 'सारेता'वाल्या? या. मला वाटलंच होतं, तुम्ही सोडणार नाही."

"तुमचा दुसरा सूर रि आहे," सुवर्णा म्हणाली. "आणि तुम्ही अप-डाऊनच्या गावातल्या. शब्दकोश शिरूरला राहिले आणि पेटी इथं आली. म्हणजे आप्पा कोडी करत नाहीत, करू शकत नाहीत. पण गातात, वाजवतात. एवढंच मला लागलं. बाकी तुम्ही सांगा."

पद्मावतीबाईंनी सांगितलं. दिवाळीच्या सुमारास एका गुरुवारी आप्पा नेहमीसारखे आले होते. गाता गाता हातातला कप सुटला, उजवी बाजू लुळी पडली. नर्स असल्यामुळं त्यांनी वेळ घालवला नाही. जीव वाचला, पण शब्द गेले. समोरच्याचं बोलणं सगळं कळायचं, उत्तर मात्र तोंडातून निघायचं नाही.

"सूर गेले नाहीत. ते मेंदूत दुसरीकडं राहतात म्हणे. म्हणून पेटी आणवली. शिरूरला न्यायचं म्हटलं की असे रडतात, डोकं बडवून घेतात. तिथं सगळे त्यांना शब्दांचे मास्तर म्हणून ओळखतात. असं मुकं होऊन त्यांच्यासमोर जायचं नव्हतं त्यांना."

"कोडं बंद पडलं असतं तर सगळा तालुका इचारत आला असता," सत्यजीत म्हणाला. "म्हणून सिस्टरनी करायची आन् म्या टाइप करून पाठवायची. आप्पान्ला तसा शब्द दिला व्हता. तुम्ही बोळात ओरडलात तवा लई तोंडाशी आलं व्हतं, पर न्हाई बोललो."

"मला माफ कर," सुवर्णा म्हणाली. याहून बरा शब्द तिला सुचला नाही.

सत्यजीतनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे तिला कळलं नाही.

आतल्या खोलीत आप्पा पलंगावर बसले होते, पेटी पुढ्यात. तिला बघताच त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला. सुवर्णा दारातच थांबली. कुणी तरी काही तरी करावं म्हणून पद्मावतीबाईंनी दुधाचा पेला आणला.

आप्पांनी टॉवेल खाली केला, पेल्याकडं पाहिलं आणि पेला बाजूला ढकलला. दूध सांडलं. पद्मावतीबाईंनी सवयीनं भाता हलवला. आप्पांच्या डाव्या बोटानं दोन सूर वाजवले. पुन्हा तेच दोन. मग त्यांनी सगळी मूठ पट्ट्यांवर आपटली.

"हे रोजचंच," त्या थकून म्हणाल्या. "दूध दिलं की हा राग. गरम दिलं, गार दिलं, साखर घातली, काढली. त्या दोन सुरांना मी पुढं नि-स लावून सरगम पुरी करून देते, तर आणखीच चिडतात."

सुवर्णा पुढं आली. "त्यांचा सा कुठला?"

"काळी चार."

तिनं ती पट्टी दाबली आणि तिथून मनात वर मोजत गेली, शाळेतल्या मधल्या सुट्टीसारखी. "आप्पा, परत वाजवा."

आप्पांनी वाजवलं. चौथा सूर, मग सहावा. म. ध.

तिनं त्या दोन सुरांची फोड केली नाही, ते जोडून वाचले, आणि ती हसली की रडली हे तिचं तिलाच समजलं नाही. "सत्यजीत, घरात मध आहे का? मध! दुधात मध हवाय त्यांना!"

पद्मावतीबाईंचा भात्यावरचा हात थिजला. "देवा. कोडी मी करत होते, आणि हे मला..."

सत्यजीत चप्पलही न घालता पळत सुटला होता.

आप्पा सुवर्णाकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण टॉवेल त्यांनी पुन्हा वर ओढला नाही. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिचा बांध फुटला. आप्पा, मी लवकर यायला हवं होतं, मी सत्यजीतला काय काय बोलले, मला दौंड सुचायला इतके दिवस लागले, तुम्ही आम्हाला परके समजलात का, शब्द काय, ते येतील नाही तर न येतील, पण तुम्ही... ती बोलतच सुटली, हुंदके आवरेनात.

आप्पांनी पद्मावतीबाईंच्या मनगटाला हात लावून भाता हलवायची खूण केली. मग डावं बोट सावकाश पट्ट्यांवर नेलं. आधी तिसरा सूर वाजवला, मग पाचवा.

ग. प.

सुवर्णा गप्प झाली.